थोडे पैसे, थोडे बळ आणि एक बेट

वाचकहो, आपल्या घरात कुणी दीर्घ आजाराने जखडलेले असेल, तर ‘आता कुठे बाहेर पडणार?’ हे वाक्य आपल्या ओळखीचे असेल. आमच्या घरी ते मी उच्चारत असे. यजमानांना कंपवात होऊन 7 वर्षे झाली होती. त्यांचे वय 74, माझे 68. सोलापुरातील आमचे दोघांचे घर निवृत्तिवेतनावर चालते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि सायंकाळी सहा, अशा चार वेळांच्या गोळ्यांभोवती आमचा दिवस फिरत असे. त्या फेऱ्याबाहेर जग आहे याचा मला जवळजवळ विसर पडला होता.

यजमान इतिहासाचे शिक्षक. 30 वर्षे त्यांनी मुलांना अंदमानचे काळे पाणी शिकवले. सावरकर बंधूंच्या कोठड्या, कोलू, काथ्या कुटणे, सारे काही. एके संध्याकाळी ते म्हणाले, “नकाशावर काठी ठेवून सगळ्यांना दाखवलं. पाय ठेवायचा तेवढा राहिला.” कंपवाताने त्यांचा आवाज अगदी बारीक झाला आहे, पुष्कळदा मला पुन्हा विचारावे लागते. या वेळी विचारावे लागले नाही.

मुलाने लगेच एका सहलीचे पत्रक पाठवले. 6 दिवसांत 4 बेटे, पहाटे निघणे, रात्री परतणे आणि दोघांचा खर्च आमच्या 4 महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा. पैसे तो देणार होता. परंतु पत्रक वाचताना माझ्या ध्यानात आले, की ही योजना ज्यांच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही अशांसाठी आखलेली आहे. आमचे नेमके उलट होते. पैसा बेताचा, बळ त्याहून बेताचे. वेळ मात्र मुबलक. मग विचार सुचला, की पैसा आणि बळ या दोहोंची काटकसर एकाच मार्गाने साधते. ठिकाणे कमी करावीत आणि मुक्काम वाढवावा. दर वेळी सामान बांधणे, बोटीत चढणे, नव्या खोलीत अंधारात स्नानगृह शोधणे, यांत जसे पैसे जातात तशीच रुग्णाची शक्तीही जाते. म्हणून आम्ही एकच बेट ठरवले आणि दोघांसाठी 60 हजार रुपयांची मर्यादा आखून घेतली.

निघण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तीन प्रश्न विचारले. गेल्या 3 महिन्यांत औषधाची मात्रा बदलली आहे का? सोबत कोण असेल? आणि बोटी 2 दिवस बंद पडल्या तर काय कराल? पहिल्या दोहोंची उत्तरे मी चटकन दिली. तिसऱ्याला हसून म्हटले, “राहू की दोन दिवस जास्त.” ते हसणे पुढे मला महागात पडले.

डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, ती आपणही लक्षात ठेवावी. बोट लागते म्हणून दुकानातून कुठलेही औषध घेऊ नये. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइडसारखी नेहमीची औषधे कंपवाताच्या रुग्णाचा त्रास वाढवतात. गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना भ्रम होतो, लघवी अडते. आमच्या डॉक्टरांनी चालणारे औषध लिहून दिले. ते आमच्यासाठी होते, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. आपल्या डॉक्टरांना आपण स्वतः विचारावे.

सोलापूरहून चेन्नईपर्यंत आगगाडी आणि तेथून विमान, असा मार्ग आम्ही घेतला. चेन्नईहून जहाजही जाते. पण त्याला सुमारे 3 दिवस लागतात आणि उघड्या समुद्रातील तो हेलकावा तोल सांभाळता न येणाऱ्या माणसासाठी नव्हे. विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची गरज सांगून ठेवली होती. नाताळच्या गर्दीआधी दर कमी असतात म्हणून आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा निवडला. यातली खोच मला तेव्हा कळली नाही. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. जानेवारी ते मार्च हा काळ समुद्र शांत असण्याचा. दोन पैसे अधिक पडले तरी आपण तो निवडावा.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजय पुरम, येथे 2 रात्री राहिलो. सेल्युलर जेलच्या मूळच्या 7 इमारतींपैकी 3 उभ्या आहेत. 1896 ते 1906 अशी 10 वर्षे तिचे बांधकाम चालले होते. हे आकडे मला यजमानांनी अंगणात बसल्या बसल्या सांगितले. जिने चढणे त्यांना शक्य नव्हते. मी वर जाऊन सावरकरांची कोठडी पाहून आले. खाली आले, तेव्हा ते तळमजल्याच्या भिंतीवर तळहात टेकवून उभे होते. भिंतीला टेकलेला तो हात तेवढा वेळ थरथरत नव्हता. त्यांनी विचारले, “वरून समुद्र दिसतो का गं?” मी म्हटले, “कोठडीतून नाही दिसत.” ते म्हणाले, “तेच मुलांना सांगत होतो.”

तेथून आम्ही नील बेटावर गेलो. 2018 च्या डिसेंबरात त्याचे नाव शहीद द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरपासून ते सुमारे 40 किलोमीटरवर आहे. सरकारी बोटीने 2 तास लागतात. या बोटींचे भाडे खासगी बोटींपेक्षा पुष्कळ कमी असते. तिकिटांत बेटावरील रहिवाशांना प्राधान्य मिळते आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी ती बोट म्हणजे आपली एस.टी. होय. म्हणून बाहेरच्याने तारखेचा हट्ट न धरता जावे.

धक्क्यावरून बोटीत जाण्यासाठी टाकलेल्या फळीपाशी यजमान गोठले. कंपवातात असे होते; पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि मागून ढकलले तर माणूस पडतो. मागे रांग होती. अशा वेळी बाहेरून ताल दिला, तर पाऊल पुष्कळदा सुटते. मी त्यांचा हात न ओढता शेजारी उभी राहिले आणि हलकेच म्हणू लागले, ‘ज्ञानबा–तुकाराम, ज्ञानबा–तुकाराम’. चौथ्या आवर्तनाला त्यांनी डावे पाऊल उचलले. मागच्या रांगेतील कुणी काही बोलले नाही. एका तरुणाने आमची पिशवी न विचारता उचलली आणि आत नेऊन ठेवली.

या बेटावर तीनेक हजार लोक राहतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना 1960 च्या दशकात येथे वसवले गेले. भात, केळी, सुपारी आणि नाना भाज्या येथे पिकतात आणि बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातात. किनाऱ्यांची नावेही जिव्हाळ्याची आहेत: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. बाजाराजवळ एका बंगाली कुटुंबाने घराशेजारी बांधलेल्या 4 खोल्यांपैकी एक आम्ही घेतली होती. रोजचे भाडे 900 रुपये. फोनवरून मी तीनच गोष्टी विचारल्या होत्या. खोली तळमजल्यावर आहे ना, कमोड आहे ना आणि बाजार पायी किती दूर? घरून रबरी चटई आणि विजेरी नेली होती. स्नानासाठी प्लास्टिकचे स्टूल तिथल्या बाईंनीच दिले. सुरक्षितपणाच्या या वस्तू मिळून 500 रुपयांच्याही नव्हत्या.

तिथला दिवस आपल्यापेक्षा लवकर उगवतो. घड्याळ देशाचेच, पण बेट पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात साडेपाचच्या आत उजाडते आणि संध्याकाळी पाचला सूर्य मावळलेला असतो. औषधे सूर्याकडे पाहून न देता घड्याळाकडे पाहून द्यावीत, हे पहिल्याच दिवशी उमजले. अंधार पडल्यावर सहाची गोळी राहून गेलीशी वाटून मी दचकले होते. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायची, कारण मासळी-डाळीतील प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही. उन्हात आणि दमट हवेत वृद्धांना तहान लागत नाही, तरी पाणी लागते. मी दर तासाला अर्धा पेला देत असे. शहाळी स्वस्त आणि गोड होती. मात्र ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत किंवा जे रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना शहाळ्यांचा सपाटा लावू नये. त्यांत पोटॅशियम बरेच असते. मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे पायाला कापतात आणि कापलेले कळतही नाही.

सकाळी नऊपर्यंत आम्ही भरतपूरच्या किनाऱ्यावर झाडाखाली बसत असू. पाणी उथळ, काचेसारखे. दुपारी झोप. साडेतीनला लक्ष्मणपूरला रिक्षाने जाऊन सूर्यास्त पाहणे. एवढाच कार्यक्रम. लाटांनी कोरलेला खडकाचा प्रसिद्ध नैसर्गिक पूल आम्ही पाहिला नाही; ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवरून चालत जावे लागते. यजमानांनी दुसऱ्या प्रवाशांच्या फोनवर त्याचे छायाचित्र पाहिले आणि समाधान मानले. मी मानले का? खरे सांगते, थोडी हळहळ वाटली. सेवा करणाऱ्याच्या मनातही इच्छा असतात आणि त्या असण्यात अपराध नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मी गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरायला घेतला आणि औषधांची मोठी पिशवी सापडेना. सारे सामान उलथेपालथे केले. मग आठवले, पोर्ट ब्लेअरच्या खोलीतील पलंगाजवळचा खण. पिशवी मीच तिथे ठेवली होती आणि मीच विसरले होते. डब्यात 6 गोळ्या उरल्या होत्या. दिवसाला 4, म्हणजे दीड दिवसाच्या.

कंपवाताचे हे औषध एकाएकी थांबवता येत नाही. शरीर लाकडासारखे ताठरते, ताप चढतो. प्रसंगी जिवावर बेतते. बाहेर वारा सुटला होता. गुरुवारी बोटी सुटणार नाहीत, असे बाजारात बोलले जात होते.

वाचकहो, यापुढचा तासभर मी जे केले, ते सांगायला मला संकोच वाटतो. मी कुणालाच काही सांगितले नाही. खोलीच्या पायरीवर बसून राहिले. 7 वर्षे एकही गोळी न चुकवणारी बाई, ही माझी ओळख होती. तीच आता निसटली होती. मुलाला फोन केला असता तर तो ‘मी म्हणत नव्हतो का?’ असे म्हणाला असता, याची मला अधिक भीती वाटत होती. त्या तासात मी यजमानांच्या प्रकृतीपेक्षा माझ्या नावलौकिकाची काळजी वाहत होते. सेवा करता करता आपल्यात असा एक अहंकार वाढतो आणि तो निष्ठेचे रूप घेऊन येत असल्यामुळे ओळखू येत नाही.

शेवटी यजमानांनीच विचारले, “काय हरवलं?” मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कोलूचा इतिहास तीस वर्षं शिकवला गं मी. दीड दिवसाचं काय एवढं? त्या बाईंना सांग.”

मी बाईंना सांगितले आणि अर्ध्या तासात सारी आळी गोळा झाली. बाईंच्या दिरांनी आरोग्य केंद्रात नेले. तेथील डॉक्टर तरुण होते. हे औषध त्यांच्याकडे नव्हते. पण त्यांनी आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतले आणि मला बजावले, की गोळ्या पुरवण्यासाठी स्वतःच्या मनाने अर्ध्या करू नका, आहेत त्या ठरल्या वेळी द्या, आम्ही तोवर पाहतो. इकडे बाईंनी एका भाजीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो त्या दिवशी वांगी घेऊन पोर्ट ब्लेअरला गेला होता आणि वाऱ्यामुळे तिथेच अडकला होता. रात्री नऊ वाजता तो आमच्या आधीच्या खोलीवर गेला, खणातून पिशवी काढून घेतली आणि फोनवरून औषधांची नावे एकेक अक्षर वाचून दाखवली.

गुरुवारी बोटी सुटल्या नाहीत. त्या दिवशी आळीतील कुणी ना कुणी दर तासाला खोलीत डोकावत होते. ‘मेसोमशाय, कसे आहात?’ असे विचारून एक मुलगा यजमानांपाशी बसला आणि शाळेतील इतिहासाचे पुस्तक घेऊन आला. मी झोपले. भर दुपारी, सलग 3 तास. किती वर्षांनी, ते मला आठवत नाही.

शुक्रवारी वारा पडला. सहाची आणि दहाची गोळी दिल्यावर डबा रिकामा झाला. साडेअकराला तो व्यापारी रिकाम्या टोपल्यांसह आला. पिशवी त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आत धरली होती. एक दिवस अडकल्यामुळे त्याच्या न विकलेल्या शेंगा वाया गेल्या होत्या. चहा पिताना तो त्याविषयीच बोलत राहिला. पैसे त्याने घेतले नाहीत. दोनची गोळी दोन वाजता दिली.

महागड्या निवासातही कुणी ना कुणी मदत केली असतीच. तिथली माणसे वाईट असतात असे मी म्हणत नाही. परंतु स्वस्त खोली गावात होती, म्हणून आम्ही गावात होतो. आमचे येणे-जाणे, यजमानांचे थबकणे, माझे ‘ज्ञानबा–तुकाराम’, हे सारे 3 दिवसांत आळीच्या परिचयाचे झाले होते. एका ठिकाणी टिकून राहिल्याचे हे फळ होते. रोज बेट बदलणाऱ्याला कुणाचे नाव कळत नाही आणि त्याचे नाव कुणाला.

तथापि भाबडेपणाने कुणी निघू नये. या बेटावर प्राथमिक उपचार मिळतात. तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे आणि मध्ये समुद्र आहे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, डायलिसिसवर वा प्राणवायूवर असलेल्यांनी किंवा ज्यांची औषधे अजून बसलेली नाहीत अशांनी हा बेत करू नये. इतरांनी औषधे दोन भाग करून दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीत संपूर्ण मुक्काम पुरून 7 दिवस उरतील एवढी ठेवावीत. एक पिशवी सतत अंगावर असावी. डॉक्टरांची चिठ्ठी दोन्हींत ठेवावी. परतीची बोट आणि विमान यांत किमान एक मोकळा दिवस असावा. आम्ही तो ठेवला होता. निदान ते शहाणपण केले होते.

आमचा एकूण खर्च 57,600 रुपये झाला. विमान 26,000, आगगाडी 7,000, 11 रात्रींच्या खोल्या 11,100, जेवणखाण 7,000, बोटी-रिक्षा 4,500 आणि किरकोळ 2,000. आपले आकडे हंगामानुसार वेगळे येतील.

या गोष्टीला 2 वर्षे होत आली. यजमानांचा आजार पुढे सरकला आहे. आता ते फाटकापर्यंतच चालतात. बेटाने आजार बरा केला, असे मी म्हणणार नाही. माझ्यात मात्र एक बदल झाला. रोज दुपारी चार ते पाच शेजारचा मुलगा यजमानांपाशी बसतो आणि मी बाहेर पडते; कधी वाचनालयात, कधी नुसती सिद्धेश्वर तलावाकाठी. पूर्वी शेजाऱ्यांनी दहा वेळा विचारले होते आणि मी दहा वेळा नको म्हटले होते. आपल्यालाही कुणी विचारले असेल, तर त्यांना आजच होय म्हणून यावे.

पाचला मी परत येते तेव्हा सोलापुरात अजून ऊन असते. यजमान ओसरीवर खुर्चीत असतात. घड्याळाकडे पाहून त्या मुलाला सांगत असतात, “तिकडे आता मावळला बघ.”